राजगोंडांची दोन मागणी

आज तेलंगणात असलेल्या आदिलाबादच्या डोंगराळ मुलखातील राजगोंडांचा इतिहास प्रधान भाटांनी किकरीच्या सुरांवर जतन केला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींच्या कागदावर मात्र बहुतेकांचे नाव नव्हते. या हक्कासाठी लढताना कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस तेथे पाठविले. जमिनीचे पट्टे मिळू लागले. १९४३ मध्ये मारलवाईस गोंड शिक्षकांचे शिक्षण सुरू झाले. गोंडी धडे देवनागरीत निघाले, कारण मराठी त्या लोकांच्या परिचयाची होती.

मेस्राम कुळ आजही गोदावरीचे जल पायी आणून पौष अमावास्येस केसलापूरच्या नागोबाची पूजा बांधते. या श्रद्धेस आमच्या उपदेशाची गरज नाही. गरज होती ती जमिनीची व स्वभाषेतील धड्याची. आमची लिपी तेथे उपयोगी पडली, याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु गोंडीची जागा घेण्याचा अधिकार कोणत्याही राजभाषेस नाही, मराठीसही नाही.