ट्रकचं इंजिन, तळ्याचं पाणी

वॉटर स्कीइंगच्या बोटीने इंजिन नेहमी रस्त्यावरून उसनं घेतलं. पहिल्याच दिवसापासून हे असं आहे. 1922 च्या उन्हाळ्यात मिनेसोटातल्या लेक सिटी गावचा राल्फ सॅम्युएलसन हा 18 वर्षांचा पोरगा पेपिन तळ्यात पाण्यावरून घसरायच्या खटपटीला लागला होता. पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या, जमेना. शेवटी त्याने पाइनच्या 8 फूट लांब, 9 इंच रुंद दोन फळ्या घेतल्या आणि आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून त्यांची टोकं वर वळवली. ओढायला खिडकीच्या झडपांची दोरी, धरायला लोहाराने करून दिलेली लोखंडी कडी. 2 जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला. बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता आणि तिच्यात बसवलं होतं सॅक्सन ट्रकचं 24 अश्वशक्तीचं इंजिन.

ही गोष्ट सांगताना लोक फळ्यांपाशी रमतात. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवायचे, त्यामुळे मी इंजिनापाशी थांबते. मिनेसोटात आले, इथल्या रीतीप्रमाणे तळ्याची सवय लागली आणि 1980 च्या दशकातली एक स्की बोट घरी आली. पूर्ण वेगात ती आजही ताशी 58 किलोमीटरला काटा हलू देत नाही. मंद चालीवर आणली की मात्र अंग झाडते, मिस मारते, कधी गप्पच होते. तिच्या मागे लागून या बोटींचा इतिहास वाचत गेले, आणि माझं मत असं झालं की तो इतिहास वेगात दिसत नाही, आयडलिंगला ऐकू येतो.

सॅम्युएलसनने पेटंट घेतलं नाही. ते 1925 मध्ये फ्रेड वॉलरने घेतलं, ज्याने पुढे सिनेरामाचा रुंद पडदा आणला. सॅम्युएलसनचं श्रेय अधिकृतपणे मान्य व्हायला 1966 उजाडलं. मधल्या काळात खेळ फ्लोरिडात गेला होता. डिक पोपने 1936 मध्ये सायप्रेस गार्डन्स ही बाग उघडली आणि तिथल्या स्कीच्या खेळांनी देशभर गर्दी खेचली. 1939 मध्ये अमेरिकेची वॉटर स्की संघटना उभी राहिली आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या.

स्पर्धा आल्या तशी बोटीकडून मागणी बदलली. मागे उठणारी लाट चपटी हवी आणि स्कीअरने बाजूला जोर लावला तरी बोट रेषेतून ढळता कामा नये. मायामीत स्की शाळा चालवणाऱ्या लिओ बेंट्झने अशी फायबरग्लासची बोट आखली, पण ती बाजारात आणण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता. डब्ल्यू. सी. मलून यांनी 1925 मध्ये फ्लोरिडात सुरू केलेल्या करेक्ट क्राफ्ट कारखान्याने ती घेतली आणि 1961 मध्ये स्की नॉटिक नावाने बाजारात आणली. 1968 मध्ये टेनेसीत रॉब शर्लीने घोड्यांच्या तबेल्यात मास्टरक्राफ्टची सुरुवात केली. मांडणी सगळ्यांची साधारण एकच: इंजिन बोटीच्या मधोमध, तिथून तिरका शाफ्ट तळाखालच्या पंख्यापर्यंत, आणि दोर बांधायचा खांब इंजिनाच्या अगदी पुढ्यात. वजन आणि ओढ दोन्ही मध्यावर, म्हणून बोट सरळ राहते.

या मांडणीत बसणारं, ताकदीचं आणि स्वस्त इंजिन मोटारींच्या कारखान्यांत तयारच होतं: व्ही-एट. फोर्डचं 351 विंडसर 1969 मध्ये आलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं कितीतरी स्की बोटींच्या पोटात धडधडत राहिलं. मात्र मोटारीचं इंजिन पाण्यावर आणताना कंपन्यांना त्याचे बरेच अवयव बदलावे लागले, आणि आयडलिंगची बहुतेक दुखणी या बदललेल्या जागीच निघतात.

पहिला बदल थंडपणाचा. मोटारीला रेडिएटर असतो. यातल्या बहुतेक बोटी तळ्याचंच पाणी रबरी पंख्याने ओढून ब्लॉकमधून फिरवतात आणि एक्झॉस्टमधून बाहेर टाकतात. पाणी फार तापलं तर त्यातले क्षार आत धरतात, म्हणून थर्मोस्टॅट 60 ते 70 अंशांचा. मोटारीत तो 90 च्या आसपास असतो. अशा गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. वेगात ते खपून जातं, मंद चालीवर मात्र प्लग काजळतात.

दुसरा बदल आगीच्या भीतीने झाला. बोटीच्या तळात पेट्रोलची वाफ साठली तर तिला बाहेर जायला वाट नसते. म्हणून कार्ब्युरेटरवर एअर फिल्टरऐवजी ज्वाला अडवणारी धातूची जाळी आली, स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे आले. पेट्रोल पंपाला दोन पडदे आणि त्यातून निघणारी एक पारदर्शक नळी थेट कार्ब्युरेटरच्या तोंडात सोडली. पडदा फाटला तर पेट्रोल तळात न सांडता इंजिनात जावं, ही युक्ती. मंद चाल बिघडली की मी आधी ही नळी बघते. तिच्यात पेट्रोल दिसलं तर पंप बदलायचा, पुढचं संशोधन नंतर. मग जाळी. तिच्यावर तेलकट मळ बसला की हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि इंजिन गुदमरतं.

तिसरी भानगड फिरण्याच्या दिशेची. काही बोटींत इंजिन मुद्दाम उलट्या फिरणीचं बसवत. 351 ची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-7-2-6-5-4-8. उलट्या नगात तीच मागून वाचायची. जुनी बोट अनेक हातांतून गेलेली असते आणि कुणीतरी मोटारीचं पुस्तक बघून वायरी लावलेल्या असतात. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन सुरू होतं, पण जागच्या जागी नाचतं.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, "अगं, आधी करंट बघ, कार्ब्युरेटरला हात शेवटाला लाव." त्यांनी आयुष्यात स्की बोट पाहिलेली नाही, पण क्रम हाच बरोबर आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवेने धरलेलं पाणी पुसायचं, सीबी पॉइंट झिजलेत का बघायचे, एकेक प्लगची वायर काढून कोणत्या सिलिंडरला फरक पडत नाही ते ऐकायचं. मग व्हॅक्यूम गेज. काटा उंच आणि स्थिर असेल तर हवा कुठे चोरून आत जात नाही. हे सगळं झाल्यावर मिक्स्चर स्क्रू: दोन्ही हलक्या हाताने बंद करून सारखेच, सुमारे दीड आटे उघडायचे आणि तिथून कानाने लावायचे.

तरीही चाल सुधारली नाही तर दोष आतल्या सुईएवढ्या वाटांत असतो, आणि तिथे इतिहास पुन्हा आडवा येतो. मिनेसोटात मका भरपूर, त्यामुळे 1997 पासून राज्यभर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकलं जातं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुने रबर फुगवतं. बोट हिवाळाभर शेडमध्ये उभी. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरमध्ये सुकतं. मोठे जेट वाहते राहतात, आयडलची बारीक वाट बुजते. म्हणून बोट धावते उत्तम आणि थांबली की मरते. कायद्याने बोटी, जुन्या गाड्या आणि छोट्या इंजिनांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल ठेवलंय. ते महाग पडतं, पण कार्ब्युरेटर खोलण्यापेक्षा स्वस्त.

यावरचा सोपा उपाय बऱ्याच धक्क्यांवर दिसतो: स्क्रू फिरवून आयडल वाढवून टाकायचा. तो धोक्याचा आहे. आयडल चढा असला की गिअर टाकताना दणका बसतो, बोट झेप घेते आणि दोर धरून पाण्यात बसलेल्या माणसाला हिसका बसतो. कारण या खेळात मंद चाल म्हणजे विश्रांती नव्हे. पडलेल्या स्कीअरला वळसा घालून दोर द्यायचा असतो तेव्हा, आणि ढिला दोर हळूहळू ताणून घ्यायचा असतो तेव्हा इंजिन याच चालीवर असतं. त्या वेळी ते बंद पडलं तर वारा बोटीला हवी तिकडे, कधी थेट त्या माणसावर नेतो.

1990 च्या दशकात फ्युएल इंजेक्शन आलं, 2010 पासून अमेरिकेत अशा नव्या इंजिनांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही आले. आता मंद चाल कॉम्प्युटर सांभाळतो, आणि तो बिघडला की लॅपटॉप जोडावा लागतो. जुनी बोट घेणाऱ्याला मी म्हणून एकच सांगते: विकणारा तुम्हाला वेग दाखवील, तो बघून घ्या. मग बोट धक्क्याला घट्ट बांधायला लावा, गिअरमध्ये टाका आणि इंजिन पुरतं तापेपर्यंत मंद चालीवर ऐकत बसा. किंमत त्यानंतर बोला.