मोरस साखरेच्या बेटावर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमची दादी साखरेला साखर म्हणत नसे. ‘चहात मोरस कमी पडली गं’ असं ती माझ्या आईला सांगायची. मोरस म्हणजे पांढरी, दाणेदार, दुकानातली साखर. पुढं बी.ए.च्या वर्गात असताना एकदा शब्दकोश चाळत होतो, तेव्हा कळलं की मोरस म्हणजे मॉरिशस. मॉरिशसहून येणारी म्हणून ती मोरस साखर. चीनवरून ‘चिनी’ आणि मिसर देशावरून ‘मिसरी’ आली, तशीच ही. दादीनं रत्नागिरी जिल्ह्याबाहेर कधी पाऊल टाकलं नाही, पण हिंदी महासागरातलं एक बेट रोज तिच्या चहात विरघळत होतं.

ती साखर कोणाच्या हातची होती, याचा शोध मला बऱ्याच उशिरा लागला. काही वर्षांपूर्वी एका मराठी कार्यक्रमाच्या निमित्तानं मॉरिशसला जाणं झालं. राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेला मजूर याच पायऱ्या चढून बेटावर यायचा. २००६ साली युनेस्कोनं ही जागा जागतिक वारशात घेतली. मी त्या पायऱ्यांशी उभा राहिलो आणि मनात आलं, ठीक आहे, माणूस पायरी चढून वर आला. पण पुढं काय? त्या रात्री तो झोपला कुठं? खाल्लं काय? ताप आला तेव्हा कोणाला सांगितलं, आणि कोणत्या भाषेत?

परदेशी गेलेल्यांचा इतिहास आपण बहुधा पराक्रमाच्या भाषेत सांगतो. मला वाटतं, परक्या मुलखात वस्ती होते ती अशा बारीकसारीक अडचणींतून. आज मी त्याच सांगणार आहे.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि १८३५ साली मॉरिशसचे गुलाम कागदोपत्री मुक्त झाले. उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजानं कलकत्त्याहून ३६ मजूर आणले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, काही मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेले त्यामानानं थोडे, पण त्यांत रत्नागिरी-मालवणकडचे बरेच होते.

करार साधारण पाच वर्षांचा. महिन्याला पाच रुपये पगार, तांदूळ, डाळ, मीठ, तेल अशी शिधासामग्री आणि अंगावरचं थोडं कापड. कोकणातल्या कर्जबाजारी कुळाला हा आकडा मोठा वाटला असणार. पण करारात एक मेख होती. एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारी माणसालाही पुष्कळदा गैरहजरच धरत. महिन्याच्या अखेरीस पाचाचे तीन हाती आले तर नशीब.

आता बेट कसं होतं ते पाहू. कोकणच्या माणसाला ते पहिल्या नजरेत ओळखीचं वाटलं असेल. समुद्र, माड, दमट हवा, आणि पायाखाली आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, ज्वालामुखीचा दगड. पण फसगत तिथंच होती. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे. आपल्याकडं मृग लागतो, तेव्हा तिथं थंडी पडते. पाऊस जोर धरतो तो पौष-माघात. कोणत्या नक्षत्रावर काय पेरायचं, हे बापजाद्यांनी शिकवलेलं सगळं ज्ञान एका समुद्रप्रवासात निरुपयोगी झालं. शेतकऱ्याला दुसऱ्या कोणत्याही गोष्टीनं इतकं परकं वाटत नसेल.

तो काळा दगडही आधी वेचावा लागला. ऊस लावायचा तर जमीन मोकळी हवी, म्हणून हातांनी दगड उचलून शेतातच रचले. आजही तिथं उसाच्या मधोमध त्या दगडांचे उंच ढीग दिसतात. आमच्या वाहनचालकाला मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘आमच्या आज्या-पणज्यांची कमर.’

राहायला मळ्यावरच्या छावणीतली गवताची झोपडी. उसाच्या रानातून कोकणी माणसाचं ताट उभं करायचं तर दारापुढं परसू हवं. तेही लोकांनी केलं. मिरची, शेवगा, कारली, भेंडी लावली. तिथल्या क्रिओल भाषेत कोथिंबिरीला आजही ‘कोतोमिली’ म्हणतात. हा शब्द तमिळ मजुरांच्या परसातून सगळ्या बेटाच्या तोंडी गेला. उरलेली गरज चिनी दुकानदारानं भागवली. त्याच्या उधारीच्या वहीत बिहारी, तमिळ, मराठी, आफ्रिकी सगळे एका रांगेत असत. पगार कापला गेला तरी चूल पेटे ती या वहीमुळं. वस्तीच्या इतिहासात या वहीला जागा मिळायला हवी.

मग आला ताप. १८६६ पर्यंत या बेटावर मलेरियाची साथ नव्हती. जहाजांबरोबर डास आले, रोगी आले. जंगल तोडून ऊस लावलेल्या, पाणी साचलेल्या जमिनीवर दोघांचं फावलं. १८६७ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसं या तापानं गेली. बेटाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखसुद्धा नव्हती. म्हणजे दर दहा-अकरा माणसांमागं एक. क्विनाइन महाग आणि तुटपुंजं. ज्यांना परवडलं ते पोर्ट लुई सोडून वरच्या पठारावर, क्युरपीपच्या थंड हवेत राहायला गेले. मजूर कुठं जाणार? त्याच्या करारात मळा लिहिला होता, पठार नव्हतं.

मलेरिया डासांमुळं पसरतो, हे सिद्ध करण्याच्या वाटेवरचा मोठा शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत लावला. त्यांना १९०२ साली नोबेल मिळालं. पुढं १९०७ साली हेच रॉस मॉरिशसला गेले आणि डबकी कशी बुजवायची, चर कसे काढायचे, याचा आराखडा त्यांनी दिला. पण रोग हटायला आणखी कितीतरी वर्षं गेली. १९७३ साली तो गेला असं जाहीर झालं, १९७५ च्या वादळानंतर पुन्हा शिरला, आणि चिकाटीनं पुन्हा हटवावा लागला.

तापापेक्षा चिवट निघाला तो कागद. करार संपलेला मजूर मोकळा समजायला हवा. पण १८६७ च्या कायद्यानं त्याला स्वतःचा फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगणं भाग पाडलं. घरी विसरला, भिजलं, हरवलं, की भटक्या म्हणून अटक. नवं तिकीट काढायला पैसे हवेत, आणि ते काढायला जातानाच पकडलं जाण्याची भीती. शेवटी १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडं अर्ज केला. अ‍ॅडॉल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या मळेवाल्यानं त्यांना मदत केली, आणि त्यापायी आपल्याच लोकांचा मारही खाल्ला. १८७२ साली चौकशीसाठी शाही आयोग आला. निरक्षर माणसांनी सह्या-अंगठ्यांच्या बळावर एक साम्राज्य चौकशीला उभं केलं, ही गोष्ट मला कोणत्याही लढाईइतकीच मोठी वाटते.

आणि वादळं! २९ एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळात बाराशेच्या आसपास माणसं मेली. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळानं इतकी घरं उडवली, की त्यानंतर बेटावर सिमेंटची सपाट छपरांची घरं वाढली. आज दिसणारी ती ठोकळेवजा घरं पाहून आपण नाक मुरडतो. पण त्या छपरांखाली गवत उडून गेल्याची आठवण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, मळेवाले अडचणीत आले आणि कडेची, कमी कसाची जमीन तुकडे पाडून विकू लागले. ती कोणी घेतली? पाच रुपयांतून उरवणाऱ्यांनी, आणि त्यांच्या बायकांच्या अंगावरच्या चांदीनं. जमिनीचा तुकडा झाला, तेव्हा कुठं ‘परत जायचं’ हे बोलणं कमी झालं असेल. वस्ती झाली ती तेव्हा.

आता शेवटची अडचण. ती माझ्या जिवाशी लागलेली आहे.

मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. एका पानावर जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी होतं आणि नावाच्या रकान्यात माझ्या चुलत्यांसारखं नाव. गावात ऐकू यावं तसं नाव, फ्रेंच वळणानं लिहिलेलं. मी बराच वेळ पान उलटलं नाही.

मॉरिशसमध्ये मराठी टिकली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. तिथं शाळेत मराठी शिकवतात, गणपतीला सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातली जाखडी अजून नाचली जाते. पण तिथं मराठी म्हणजे हिंदूंमधला एक समाज, असा हिशोब बसला. मुसलमान मुलगा मदरशात गेला की त्याच्या वाडवडिलांची भाषा उर्दू ठरली. उर्दूबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यावर माझं प्रेम आहे. पण रत्नागिरीहून गेलेल्या त्या माणसाच्या मराठीला बसायला बाकच उरलं नाही. कोणी हिरावून घेतलं नाही. नुसता रकाना नव्हता.

पोर्ट लुईत एका वयस्क गृहस्थांची भेट झाली. पणजोबा ‘रत्नागिरी’चे, एवढं त्यांना ठाऊक. बोलणं क्रिओलमध्ये, मध्ये दुभाषी. मी विचारलं, ‘चाचा, घरात जुना एखादा शब्द?’ ते खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पेज.’ लहानपणी ताप आला की आई भाताचं पातळ करून द्यायची, तिला ती पेज म्हणायची. हा शब्द कोणत्या भाषेतला, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, माझ्या.

इथं मला लोक विचारतात, ‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं लिहिता?’ पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता सांगतो, आमच्या घरात ताप आला की पेजच करतात.

नावं मोडली, नक्षत्रं उलटी झाली, छपरं उडाली, कागद भिजले. तरी ज्या शब्दानं आजाऱ्याला जेवू घातलं, तो शब्द चार पिढ्या तगला. दादी असती तर तिला सांगितलं असतं, तुझी मोरस जिथून यायची ना, तिथं आपलीच माणसं होती. तिनं बहुधा एवढंच विचारलं असतं, ‘मग त्यांना जेवायला काय मिळायचं रे?’