विजेची शिल्लक

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून जाणाऱ्याची नजर प्रथम शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर खिळते हे स्वाभाविकच. परंतु जुने रहिवासी ज्या जागेला काळा चबुतरा म्हणत आणि १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील बंडवाल्या शिपायांना जिथे देहदंड झाला असे परंपरा सांगते, ती जागा हीच. त्या वर्षी बंडाच्या बातम्या इंग्रज सरकारच्या दप्तरी ज्या तारांवरून पोहोचत, त्या तारा रयतेस खुल्या होऊन अवघी दोन वर्षे झाली होती, आणि त्यांतली वीज जस्त व आम्ल यांच्या भांड्यांतून निघे. जस्त झिजले की घट संपला. तो पुन्हा भारण्याची सोय नव्हती. भारावा, खर्चावा, पुन्हा भारावा असा शिशाचा घट फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये सिद्ध केला.

त्या शिशाच्या बॅटरीने पुढे खेड्यापाड्यांत एक रिवाजच पाडला. निजामाच्या अमदानीत या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेस, नभोवाणी केंद्र निघाले, तरी खेड्यात वीज कुठून असणार? रेडिओची बॅटरी बैलगाडीत घालून किंवा मोटारीच्या टपावर बांधून तालुक्याच्या गावी न्यायची, तिथे रात्रभर भारायची, वाटेत आम्ल सांडू न देता परत आणायची, आणि मग बातम्या व भजन संपताच रेडिओ बंद करायचा, अशी काटकसर घरोघर चाले. ‘बॅटरी केवढी?’ यापेक्षा ‘किती दिवस चालली?’ हाच प्रश्न त्या लोकांच्या तोंडी असे, आणि माझ्या मते तो अधिक शहाणपणाचा होता.

आज तोच प्रश्न लॅपटॉपच्या दुरुस्तीवाल्यापुढे ‘बॅकअप किती देते?’ या रूपाने येतो. चौकालगतच्या एका दुकानात कारागिराने माझ्यासमोर जुना पॅक फोडला, तेव्हा आतून अठरा मिलिमीटर जाडीचे व पासष्ट मिलिमीटर लांबीचे सहा सेल निघाले. दोन-दोनांच्या तीन जोड्या, प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा आणि २२०० मिलिअँपिअर-तासांचा. वेष्टनावर ११.१ व्होल्ट व ४४०० मिलिअँपिअर-तास असे छापले होते. या दोहोंचा गुणाकार हजाराने भागला की ४८.८ वॅट-तास होतात. हीच खरी जमा. नुसता मिलिअँपिअर-तासांचा आकडा भारदस्त दिसतो म्हणून विक्रेत्यांस प्रिय असतो, पण व्होल्टेज सांगितल्यावाचून तो बिनबेरजेच्या खतावणीसारखा आहे.

आता खर्चाची बाजू. लेखन-वाचनात यंत्र आठ वॅट घेत असेल तर ही शिल्लक सुमारे सहा तास पुरते. खेळ किंवा चित्रफीत चालू केली, पडद्याचा उजेड चढवला आणि मागणी चोवीस वॅटवर गेली की दोन तासांत खडखडाट. आमच्या पाणचक्कीचे जाते नहरीच्या पाण्यावर फिरते. हौदात पाणी किती हे एक आणि ते किती वेगाने सोडले हे दुसरे, एवढा भेद ती चक्की शतकांपासून दाखवीत आहे.

मात्र पाण्याचा हौद झिजत नाही, सेल झिजतो. १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलमध्ये, कार्बनच्या पृष्ठावर हळूहळू एक थर साचतो आणि त्यात लिथियम अडकून पडते. उष्णता हे काम लवकर करते, आणि मराठवाड्याच्या वैशाखात उष्णतेची वाण नाही. म्हणूनच जुन्या यंत्राच्या बॅटरी-अहवालात मूळ क्षमता ४८ वॅट-तास आणि पूर्ण भारलेली क्षमता ३० वॅट-तास अशा दोन भिन्न रकमा आढळतात. ‘साहेब, सेल बसले,’ असे कारागीर म्हणतो ते या तुटीविषयीच.

तेव्हा जुना लॅपटॉप विकत घेताना नुसते तास विचारू नका. या दोन रकमा समोर काढून दाखवायला सांगा.