हिशेब अकरावीपर्यंत का थांबला?

व्यवसाय हा शाळेतला विषय म्हटला की आपल्याकडे तो अकरावीपासूनचा, तोही फक्त वाणिज्य शाखेत जाणाऱ्यांचा मानला जातो. आठवीतल्या मुलाला रोजकीर्द कशाला, असे कोणी विचारले तर ते कोणाला खटकत नाही. ही वाटणी मात्र फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतोजींच्या शाळेत वाचन-लेखन आणि हिशेब यांखेरीज फारसे काही शिकवलेच जात नसे. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी लिहायला-वाचायला शिकायचे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकायची. रुपया सोळा आण्यांचा आणि मापे पावशेर-अच्छेराची, तेव्हा अपूर्णांकांच्या या पाढ्यांवाचून दुकानात उभे राहणे अशक्य होते. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवले, की इथला साधा शेतकरी आणि किरकोळ व्यापारीही आपला हिशेब इंग्लंडातल्या सामान्य माणसापेक्षा अधिक बिनचूक ठेवतो, आणि बड्या सावकारांच्या वह्या तर ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या तोडीच्या असतात.

ही प्रशंसा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. इंग्रजी शाळांच्या मागणीवर मत देताना ती केलेली आहे, आणि पंतोजींकडे मुलगे जात, तेही बहुतेक ठरावीक जातींचे. शिक्षण घोकंपट्टीचे, छडीच्या धाकाचे. प्रत्येक शेतकऱ्याला खरोखरच हिशेब येत असता, तर पुढे जे घडले ते समजणे अवघड आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर-दुकानांवर धाव घेतली, आणि हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख होता कर्जखतांवर आणि वह्यांवर. हाती लागतील ती खते त्यांनी जाळली. त्यामागे जमीनमहसूल, कापसाचे कोसळलेले भाव, कोर्टांचे निकाल अशी अनेक कारणे होती. पण आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नव्हते, हेही त्यांतले एक होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कुळाला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. कायदा एवढेच करू शकतो. उतारा पडताळायला शिकवण्याचे काम शाळेचे होते.

शाळेची वाट मात्र दुसरीकडे वळली होती. सरकारी नोकरीचा दरवाजा मॅट्रिकने उघडत असे, आणि मॅट्रिकमध्ये वह्यांना स्थान नव्हते. १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांचे दोन भाग सुचवले, एक विद्यापीठाकडे नेणारा आणि दुसरा व्यापार-व्यवहाराकडे. पालकांनी अर्थातच पहिला निवडला. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीची ओळख, आरोग्य आणि नीती यांचे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. दोन्हींतला फरक मूलभूत आहे. आयोग काही मुलांसाठी वेगळी वाट काढत होता, तर फुले सगळ्यांसाठी एकच पाया मागत होते. पुढची पाऊणशे वर्षे आयोगाचाच विचार चालला. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्य पदवीच्या पातळीवर प्रतिष्ठित झाले. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये माध्यमिक शाळेसाठी सुचवलेल्या सात शाखांत वाणिज्य ही एक होती. अशा बहुद्देशीय शाळा फार टिकल्या नाहीत. कोठारी आयोगाने दहा वर्षांचे समान शिक्षण मांडले, तेव्हा फुल्यांची मागणी पुरी करण्याची संधी होती. झाले उलटे: वेगळी शाखा म्हणून वाणिज्य अकरावीत गेले आणि समान पायात त्याला जागा उरली नाही.

कोणी म्हणेल, शाळेने नागरिक घडवावेत, दुकानदार नव्हे. पण कर्जाचा करार, भागीदारीतला वाटा, मजुरीची पावती यांच्याशी ज्याचा संबंध येत नाही असा नागरिक कोणता? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सारे गणितात येतेच. सरळव्याज, चक्रवाढ व्याज, सूट, कमिशन हे धडे सातवी-आठवीत आहेत, आणि दहावीच्या बीजगणितात जीएसटी व शेअरही आहेत. मात्र तिथे आकडे आयते मिळतात आणि उत्तर एकच असते. व्यवसायात आकडे आधी स्वतः लिहावे लागतात, उधारी कोणाला द्यायची हे ठरवावे लागते, नफा कागदावर दिसत असताना गल्ला रिकामा का, हे शोधावे लागते. गणिताचा तास त्यासाठी पुरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवायचे सुचवले आहे. तेवढ्या दिवसांत फार तर सहल होईल, हिशेब हाताखालून जाणार नाही. या तीन इयत्तांना आठवड्याचे दोन तास, लेखी गुण आणि वर्षभर चालवलेली एक खरी वही द्यावी. आणि ती प्रत्येक मुलाला व मुलीला द्यावी, निवडलेल्या शाखेला नव्हे.