खोकला किती दिवसांचा?

खोकला म्हणजे शरीराचा झाडू. श्वासनलिकेत धूळ, धूर किंवा जादा कफ साचला की तिथल्या मज्जातंतूंची टोके चेतवली जातात. आपण खोल श्वास घेतो, स्वरयंत्रातील फट मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू जोराने आवळले जातात. मग फट एकदम उघडते आणि कोंडलेली हवा कफासकट बाहेर फेकली जाते. सर्दी-पडशाचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतो. त्याहून जास्त टिकला तर कारण शोधायला हवे. दमा, विडी-सिगारेट, चुलीचा धूर, पोटातले आम्ल वर येणे, रक्तदाबावरची काही औषधे अशी कारणे अनेक असतात. परंतु आपल्या देशात क्षयरोगाची शंका आधी दूर करावी लागते.

आज हे सांगणे सोपे वाटते. पण 'खोकला किती दिवसांपासून आहे?' हा साधा प्रश्न दवाखान्यात नियमाने विचारला जावा, यासाठी बराच काळ जावा लागला.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. थोड्याच काळात थुंकी रंगवून हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धतही बसली. ती इतकी स्वस्त व सोपी आहे की आजही वापरात आहे. रोग ओळखता येऊ लागला, पण मारता येत नव्हता. मग डॉक्टर खोकलाच दाबत. जर्मनीतील बायर कंपनीने १८९८ पासून खोकल्यावरचे औषध म्हणून हेरॉइन विकले, यावरून तेव्हाच्या उपायांची कल्पना यावी. ज्यांना परवडे ते मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात जाऊन महिनोन् महिने विश्रांती घेत.

खरी औषधे आली ती १९४० नंतर. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पाठोपाठ पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल म्हणजे 'पास' आणि १९५२ साली आयसोनियाझिड आले. आता भारतापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. १९५५ ते १९५८ या काळातील राष्ट्रीय पाहणीत दिसले की क्षयरोग शहरांइतकाच खेड्यांतही पसरलेला आहे. एवढ्या रुग्णांना पुरतील इतक्या खाटा येणार कुठून?

याचे एक उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली तिथे सुरू झालेल्या केंद्रात गरीब वस्तीतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. तिथे चांगले अन्न, विश्रांती व शुश्रूषा होती. दुसऱ्या गटाने दाटीच्या घरात राहून तीच औषधे घेतली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस आरोग्यधामातील ९२ टक्के व घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरातल्या इतर माणसांना होणारी लागणही दुसऱ्या गटात जास्त आढळली नाही. म्हणजे महत्त्व खाटेचे नसून गोळ्यांचे होते.

पण गोळ्या द्यायच्या कोणाला? अनेकांचा समज असा होता, की खेड्यातला माणूस अडाणी, त्याला रोगाची जाणीव नसते; म्हणून क्ष-किरण यंत्राच्या गाड्या घेऊन गावोगाव रोगी शोधत फिरावे लागेल. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डॉ. देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी हा समज तपासून पाहिला. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पाहणीत सापडलेल्या रुग्णांना त्यांच्या गावी जाऊन विचारले : तुम्हाला काही त्रास होतो का? तुम्ही त्याचे काय केले?

१९६३ साली छापून आलेली उत्तरे धक्का देणारी होती. ज्यांच्या थुंकीत जंतू होते त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. सुमारे तीन चतुर्थांश लोकांना त्यांची काळजी वाटत होती आणि निम्म्याहून अधिक जण उपचारासाठी गेलेही होते. पायपीट करून, मजुरी बुडवून ते दवाखान्यात पोचले. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली आणि ते घरी परतले. थुंकी कोणी तपासली नाही. रोग्याने आपले काम केले होते, चुकली होती ती व्यवस्था.

यातून धोरण बदलले. १९६२ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात भर देण्यात आला तो आपणहून दवाखान्यात येणाऱ्या खोकणाऱ्या माणसावर : त्याची थुंकी तपासा आणि औषधे त्याच्या घराजवळ द्या. संशयासाठी तीन आठवड्यांच्या खोकल्याची मर्यादा पुढे रूढ झाली. नंतर ती दोन आठवड्यांवर आणली गेली.

कागदावरचा नियम सगळीकडे पाळला गेला नाही. औषधे अपुरी पडत आणि रुग्ण मध्येच थांबत. त्यालाही शास्त्रीय कारण आहे. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो; एकाचे दोन व्हायला त्याला १५ ते २० तास लागतात. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोकला कमी होतो, पण चिवट जंतू शिल्लक असतात. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की रोग उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. म्हणूनच नेहमीच्या क्षयरोगालाही सहा महिने उपचार लागतात.

तुमकूरचा प्रश्न संपलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच उपचारासाठी गेलेले नव्हते. शिवाय आढळलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण केवळ छातीच्या क्ष-किरण चित्रामुळे सापडले. नुसती लक्षणे विचारून ते निसटले असते. म्हणजे खोकल्याचा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. आता जंतूंची जनुके ओळखणारी चाचणीही सरकारी केंद्रांत होते. तपासणी व औषधे मोफत आहेत.

शिक्षकाला या साखळीत एक जागा आहे. वर्गातल्या मुलाचा किंवा त्याच्या घरातल्या कोणाचा खोकला दोन आठवडे उलटूनही थांबत नसेल, सोबत बारीक ताप किंवा वजनात घट असेल, तर पालकांशी बोलावे आणि त्यांना आरोग्य केंद्रात पाठवावे. लहान मुलांना थुंकी काढून देता येत नाही, त्यांची तपासणी वेगळ्या प्रकारे होते, हेही सांगावे. मात्र चारचौघांत विचारू नये. या रोगाची लाज अजून गेलेली नाही, आणि लाजेपायी लपवलेला खोकला कोणत्याच तपासणीत सापडत नाही.