१४४ एमबीची चोरी



परवा सोलापुरातल्या एका कार्यालयात दाखल्यासाठी गेलो होतो. व्हरांड्यात पंधरा-वीस कॉम्प्युटर एकावर एक रचलेले, वर खडूने लिहिलेलं : ‘निर्लेखन’. विचारलं, तर बाबू म्हणाले, “जुने झाले की ओ. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अकरा यांच्यावर चढत नाही. टीपीएम चिप नाही म्हणतंय.”

आता, टीपीएम नाही असं स्क्रीनवर आलं म्हणजे ते मशीनमध्ये नाहीच, असं नसतं. बऱ्याच प्रोसेसरांत ते आतच असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं. इंटेलच्या आठव्या पिढीनंतरचा प्रोसेसर असेल तर एक सेटिंग बदलून काम भागू शकतं. प्रोसेसर त्याआधीचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लिनक्स टाका. पण बायोस उघडून बघितलं का कोणी? बाबूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. आणि घरी येईपर्यंत मला २००६ चे आमचे मामा आठवत राहिले.

मामा म्हणजे मी कंत्राटी निदेशक होतो त्या संस्थेचे प्रयोगशाळा परिचर. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. लॅबमध्ये बारा नवे कॉम्प्युटर आले होते : पेंटियम फोर, प्रत्येकी ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे १ जीबी रॅम. पैसे वाचावेत म्हणून विंडोज घेतलंच नव्हतं, मासिकासोबत आलेल्या सीडीवरचं लिनक्स टाकलं होतं. वर्षअखेरीस डेडस्टॉक रजिस्टर घेऊन पडताळणी समिती आली. प्रत्येक मशीनवर मेमरीचा आकडा काढून प्रिंट घेतली. रजिस्टरात १०२४, कागदावर ८८०. बाराच्या बारा मशीनवर १४४ एमबी कमी.

त्या काळात लॅबमधून रॅमची पट्टी गायब होणं काही नवीन नव्हतं. लॅबची किल्ली कोणाकडे? मामांकडे. कारणे दाखवा नोटीस निघाली, सात दिवसांत खुलासा. मामांच्या नोकरीला बावीस वर्षं झालेली, मुलीचं लग्न ठरलेलं. मी डबा उघडून दोन्ही पट्ट्या दाखवल्या. १४४ एमबीची पट्टी बाजारात मिळतच नाही, आणि बारा ठिकाणी इतकी मापात चोरी करणारा चोर तरी कुठला, हेही सांगितलं. समितीचं म्हणणं एकच : “सर, आम्ही सही प्रिंटवर केलीय. प्रिंट जुळवून द्या.”

उत्तर खरं तर रोज सकाळी आमच्या डोळ्यांसमोरून जात होतं. लिनक्स सुरू होताना ज्या ओळी भराभर वर सरकतात, त्यांत कर्नल स्वतःच सांगत होता की ८९६ एमबीच वापरणार, जास्त हवी तर हायमेम चालू असलेला कर्नल घ्या. वाचत कोण होतं?

हे ८९६ आलं कुठून? ही गोष्ट थेट १९९१ पर्यंत जाते. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने नव्याने घेतलेल्या ३८६ वर कर्नल लिहायला घेतला, आणि २५ ऑगस्ट १९९१ ला जगाला कळवलं. ३८६ हा ३२ बिटांचा प्रोसेसर, त्याला ४ जीबीपर्यंतचे पत्ते मोजता येतात. पुढे लिनक्समध्ये वाटणी रूढ झाली ती अशी : ३ जीबी पत्ते प्रोग्रॅमांना, १ जीबी कर्नलला. त्या एका जीबीत कर्नल मशीनची सगळी रॅम कायमची मांडून ठेवतो, म्हणजे हात घातला की लगेच सापडते. इतर कामांसाठी त्यातले १२८ एमबी पत्ते राखीव. १०२४ वजा १२८, राहिले ८९६. त्यातून कर्नलचा स्वतःचा पसारा गेला की उरतात ते आमचे ८८०.

ज्या काळी घरच्या मशीनला ४ नाहीतर ८ एमबी रॅम असायची, तेव्हा ही मर्यादा कोणाला आडवी येणार होती? म्हणून त्या निर्णयाला चूक म्हणायला माझं मन होत नाही. मोठ्या सर्व्हरांना ती टोचू लागली तेव्हा १९९९ च्या सुमारास सीमेन्सचे गेर्हार्ड विचर्ट आणि इंगो मोल्नार यांच्या कामातून हायमेम आलं : वरची रॅम कायम मांडायची नाही, लागेल तेव्हा तेवढंच पान तात्पुरतं जोडायचं. जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलमध्ये ते सर्वांना मिळालं. पण जोडण्या-सोडण्यात थोडा वेळ जातो, म्हणून ती सोय ऐच्छिक ठेवली. आमच्या सीडीवरचा कर्नल जुन्यात जुन्या मशीनवरही चालावा असा बांधलेला, त्यामुळे हायमेम बंद. एकापेक्षा जास्त प्रोसेसर ओळखण्याची सोयही बंद. आमच्या पेंटियममध्ये हायपर-थ्रेडिंग होतं, म्हणजे एकच गाभा दोन प्रोसेसरांसारखा वागू शकत होता. पैसे भरलेले, माल आत, आणि दार बंद.

आमचे वडील पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात होते. त्यांना हे सांगितल्यावर म्हणाले, “म्हणजे जकार्डला हुक आहेत, पण पुठ्ठ्यात भोकच पाडलं नाही.” इतकं सोपं मला जमलं नसतं.

मग कर्नल नव्याने बांधायला बसलो. यादीत शेकडो प्रश्न, प्रत्येकाला हो किंवा नाही. पहिल्या प्रयत्नात हुशारी करून नको ते सगळं काढलं, त्यात हार्डडिस्कचा ड्रायव्हरही गेला. कर्नल सुरू झाला आणि मूळ डिस्कच सापडत नाही म्हणून जागीच थांबला. जुना कर्नल ठेवला होता म्हणून वाचलो.

दुसरं संकट लोडशेडिंग. २००६ चं सोलापूर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कंपाइल तासाभराचं, आणि वीज बरोबर मधेच जायची. इथे स्टुअर्ट फेल्डमन यांचे उपकार मानले पाहिजेत. बेल लॅब्जमध्ये १९७६ ला त्यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो फायलींच्या वेळा बघतो आणि जे झालंय ते पुन्हा करत नाही. वीज आली की जिथे थांबलो तिथून पुढे. फक्त एकदा शेवटच्या जोडणीला अडलं. वीज जाताना एक फाईल शून्य आकाराची राहिली होती, वेळ मात्र ताजी, म्हणून मेकला ती झालेलीच वाटली. ती शोधून पुसण्यात एक दुपार गेली. मामा शेजारच्या स्टुलावर बसून होते. काही विचारत नव्हते, दर अर्ध्या तासाने चहा आणत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मशीन सुरू केलं. स्क्रीनच्या वर नेहमी एक पेंग्विन यायचा, त्या दिवशी दोन आले, प्रत्येक प्रोसेसरचा एक. (वेग दुप्पट झाला असं समजू नका. गाभा एकच, फरक थोडासाच.) बाराही मशीन एकसारखी, म्हणून तोच कर्नल सगळीकडे उतरवला.

सातव्या दिवशी समितीने पुन्हा प्रिंट काढल्या. आकडा आला १०१०. मामांचा चेहरा परत पडला, कारण रजिस्टरात १०२४ च होते. कर्नलला स्वतःला बसायलाही रॅम लागते, हे मी तिसऱ्यांदा समजावू लागलो. पण समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ पूर्वी गोदामाकडे होते. त्यांनी चष्मा सारखा केला, म्हणाले, “धान्यात पण घट धरतोच की,” आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘घट १४ एमबी. मान्य.’