मंत्रवलेला बाण

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय कुठलाही चालेल, पण कविता नको, असं फर्मान आपल्या ग्रुपवर आलं तेव्हा मला संस्कृतच्या बाईंचा प्रश्न आठवला. मागच्या वर्षी मुलुंडला आम्ही काही जण बाईंना भेटायला गेलो होतो. रविवारी जमून आम्ही राक्षस मारायचा खेळ खेळतो, हे कुणीतरी त्यांना सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. "त्यात बिभीषण बसतो का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो इथे लिहिते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार, बाकीची पात्रं. गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायची आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वाटेत भेटणाऱ्या प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक असतं. त्यात प्रत्येकाचे आकडे दिलेले: अंगात जीव किती, त्याला लागणं किती कठीण, तो कशाने मरतो. दर काही वर्षांनी नियम बदलतात, नवी आवृत्ती येते आणि जुने प्राणी नव्या आकड्यांत बसवावे लागतात. ऑफिसात जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये नेताना जे हाल होतात, तेच इथेही.

तर आपला राक्षस. या खेळात तो पहिल्यांदा आला डिसेंबर १९७५ मध्ये, ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्या नियतकालिकातून. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याचं चित्र छापलं गेलं: तोंड वाघाचं, अंगात उंची कोट, हातात पाइप. मूळ गाव भारत, असंही पुस्तकात दिलं होतं. आता वाघतोंड्या राक्षस आपल्यापैकी कुणी पाहिलाय? घारापुरीच्या लेण्यात कैलास हलवणारा रावण आहे. त्याची डोकी अनेक, पण सगळी माणसाची. दशावतारातला संकासूर वेद चोरतो आणि वर मालवणीत बोलून लोकांना हसवतो. उलट वाघाचं तोंड आपल्या भागात देवाचं. आरे कॉलनीतल्या आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजतात, वाघबारस करतात. मुलुंडहून डोंगर ओलांडला की तिथे वाघ हा देव, आणि विस्कॉन्सिनमध्ये छापलेल्या पुस्तकात तो भारतातला राक्षस!

या राक्षसाचं मूळ मात्र पुराणात नव्हतं, टीव्हीवर होतं. डिसेंबर १९७४ मध्ये ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन मालिकेचा एक भाग लागला. त्यात शिकागोत राक्षस येतो आणि समोरच्याचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास, त्याचं रूप घेऊन जवळ जातो. तो केसाळ होता, वाघ नव्हे. एक म्हातारा हिंदू शिकारी त्याच्या मागावर असतो, आणि राक्षस मरतो तो मंत्रवलेल्या बाणाने. बाण सोडायचा क्रॉसबोमधून, म्हणजे बंदुकीसारख्या धरायच्या धनुष्यातून. गायगॅक्सनी तो बाण जसाच्या तसा उचलला: आठव्या पातळीखालचा कुठलाही मंत्र राक्षसाला लागणार नाही, साध्या शस्त्राचा ओरखडाही उठणार नाही, पण मंत्रवलेला बाण लागला की तो जागच्या जागी संपला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. राक्षस आणि क्रॉसबो! मग रामायण आठवलं. रावण पडतो तो रामाने अभिमंत्रून सोडलेल्या ब्रह्मास्त्राने. विश्वासाचं रूप घेणंही आपलंच आहे. सीतेच्या दारात रावण भिक्षेकरी होऊन येतो, मारीच सोन्याचा हरिण होतो. टीव्हीवाल्याने कुठून काय वाचलं असेल ते असो, गाभा बरोबर आला होता आणि चुकली ती वेशभूषा.

२००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा मी इंजिनीअरिंगला होते. प्रकाशकांनी जुने आकडे नव्यात कसे आणायचे याची पुस्तिकाच फुकट दिली होती. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चांगलं, त्यामुळे राक्षसाचा आकडा होता उणे चार. नव्यात आकडा जितका जास्त तितकं चांगलं. वीसमधून जुना आकडा वजा करायचा, उत्तर चोवीस. हे गणित मी सबमिशनच्या जर्नलच्या मागच्या पानावर केलं होतं. छापील पुस्तकात मात्र एकवीस निघाला. म्हणजे त्यांनी सूत्र लावलं नव्हतं, राक्षस नव्याने बांधला होता. त्याचा जीव आधी सरासरी एकतीस होता, तो बावन्न झाला आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एकशे दहा. महागाई भत्ता राक्षसांनाही लागू असावा.

आकड्यांचं मला फार वाटलं नाही, बाणाचं वाटलं. २००० मध्ये तो होता. २००३ च्या सुधारित आवृत्तीत जागच्या जागी मरण गेलं. टोकदार आणि पुण्यवान शस्त्राने पूर्ण इजा होईल, बाकी शस्त्रांनी कमी, एवढंच उरलं. मंत्र लागत नाही हा नियमही गेला, त्या जागी प्रतिकाराचा एक आकडा आला, सत्तावीस. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पाटी कोरी केली. बाण पार गायब, वर धनुर्धारी राक्षस म्हणून वेगळा प्रकार! २०१४ मध्ये टोकदार शस्त्राची भीती परतली, पण ते जादूचं हवं आणि सज्जनाच्या हातात हवं. २०२५ च्या पुस्तकात मारणाऱ्यावर आशीर्वादाचा मंत्र असला की पुरे. म्हणजे बाणावरचा मंत्र पन्नास वर्षांत बाण सोडणाऱ्याच्या अंगावर आला. प्रत्येक वेळी कुणीतरी नियम नीटनेटका करायला गेला आणि तो मंत्र मुळात कशासाठी होता हे थोडं थोडं विसरला. हे काम मी रोज करते, त्यामुळे त्यांना दोष देणं जड जातं.

आता बाईंचा प्रश्न. २०१४ च्या आवृत्तीपर्यंत राक्षसाच्या नावाखाली ‘दुष्ट’ असा शिक्का आहे. त्यात बिभीषण बसत नाही, घटोत्कचही नाही. म्हणून आमच्या टेबलासाठी मी १९७७ चा राक्षस पाचव्या आवृत्तीत स्वतः बसवला. वाघाचं तोंड काढलं, बाणाने मरण परत आणलं आणि स्वभाव ‘ज्याचा त्याचा’ असा लिहिला.

दिवाळीनंतरच्या रविवारी ते अंगावर आलं. आपल्याच वर्गातल्या एकीची मुलगी बिभीषणासारखा राक्षस घेऊन खेळत होती, आमच्या बाजूने. अंधारात आमच्याच एकाचा मंत्रवलेला बाण तिला लागला. नियम मीच लिहिलेला, मरण जागच्या जागी. मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिचे वडील म्हणाले, "नियम म्हणजे नियम." आमच्यातला एक म्हणाला, "मंत्र कुणाविरुद्ध म्हटला होता ते आधी विचारा." अर्धा तास वाद चालला, चहा दोनदा झाला. शेवटी बाण सोडणाऱ्याला मी विचारलं, मंत्र म्हणताना तुझ्या मनात कोण होतं? तो म्हणाला, "दारामागचा." मी नियमात एक ओळ वाढवली आणि मुलीला पुढची चाल दिली.

बाई, ही वही मी संमेलनाला घेऊन येते आहे. ती ओळ तुम्ही एकदा तपासून द्या.